आतल्या खोलीतलं बटण

ताईने खुर्च्या गोल मांडायला लावल्या तेव्हाच धाकट्याच्या लक्षात आलं की आज कुणाची तरी शाळा घेतली जाणार. ताई मुख्याध्यापिका होती आणि घरी आली तरी शाळा तिच्या अंगातून उतरत नसे. बाबांना जाऊन पाच दिवस झाले होते. भेटायला येणाऱ्यांची रीघ आटली होती, दुपारचे तीन वाजले होते आणि दुकान अर्थातच बंद होतं.

"आता आपण घरचेच आहोत," ताई म्हणाली. "तर एकदा काय ते बोलून टाकू."

घरचे म्हणजे पाच जण. दादा खिडकीपाशी बसला होता, दाढी वाढलेली, नजर बाहेर. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, आयुष्यभर ट्रक चालवल्यामुळे कुठल्याही खुर्चीत कंबर पुढे सरकवूनच बसत, तसे बसले होते. ताई मधोमध. धाकटा भिंतीवरच्या नव्या टीव्हीकडे पाठ करून. आणि वहिनी, दादाची बायको, स्वयंपाकघराच्या दारात उभी. पाचवी खुर्ची रिकामी होती. तिला कुणी बस म्हटलं नाही. धाकट्याला म्हणावंसं वाटलं, पण तो म्हणाला नाही. गेल्या दोन दिवसांत त्याला बरंच काही म्हणावंसं वाटलं होतं.

"मी आज सकाळी परत डॉक्टरांकडे जाऊन आले," ताईने सुरुवात केली. "कफ अडकला होता. एका कुशीवर वळवलं असतं, पाठीवर थापट्या मारल्या असत्या, तर बाबा आज इथे असते. दहा मिनिटांचा प्रश्न होता, असं म्हणाले ते."

"नक्की म्हणाले?" काकांनी विचारलं.

"नक्की."

कुणी वहिनीकडे पाहिलं नाही. न पाहण्याचीही एक पद्धत असते, आणि ही मंडळी त्यात तरबेज झाली होती.

"मंगळवारी चार वाजून गेल्यावर चहा घेऊन ही आत गेली," ताई पुढे म्हणाली, "तेव्हा बाबांच्या हातात पोपट होता. अंगठा बटणावर. बरोबर ना वहिनी?"

"हो," वहिनी म्हणाली.

पोपट म्हणजे रिमोट. या घरात रिमोटला नुसतं रिमोट म्हणायची चाल नव्हती. बाबांनी खालच्या दुकानात चाळीस वर्षं रेडिओ, टेप, टीव्ही आणि मग त्यांचे रिमोट दुरुस्त केले, आणि रिमोटांच्या त्यांनी जाती पाडल्या होत्या. एक डोळ्याचे. त्यांच्या नाकावरच्या बारक्या दिव्यातून माणसाला न दिसणारा उजेड निघतो, तो टीव्हीच्या डोळ्यात गेला तर काम होतं. मध्ये पडदा आला, उशी आली, कुणी आडवं बसलं की संपलं. दुसरे कानाचे. ते रेडिओच्या लहरींवर चालतात, त्यांना भिंतीचं काही वाटत नाही, पण एकदा ज्या यंत्राशी त्यांची जोडी लावली ते सोडून ते दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत. आणि तिसरा पोपट. त्याला स्वतःचं काही येत नाही. दुसरा रिमोट त्याच्या नाकाला नाक लावून धरायचा, तिकडचं बटण दाबायचं, इकडचं दाबायचं, दिवा दोनदा लुकलुकला की पोपट शिकला. मग तो तेच बोलत राहतो. गिऱ्हाईकांना हे सगळं बाबा इतक्या रंगात येऊन सांगत की सेल बदलायला आलेला माणूस अर्धा तास अडकून पडे.

दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि उजवं अंग आणि बोलणं, दोन्ही गेलं. डोकं मात्र शाबूत. ते शाबूत असल्याचा त्रास त्यांना आणि घराला सारखाच झाला. हाक मारता येईना म्हणून दादाने त्यांच्या उशाशी कानाची घंटा आणून ठेवली, बटण दाबलं की हॉलमध्ये वाजणारी. पण खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडेही तसलीच होती. त्यांच्याकडे पेशंट आला की यांच्याकडे घंटा वाजे, आणि बाबांनी दाबलं की खाली डॉक्टर दार उघडून बघे. चौथ्या दिवशी बाबांनी ती घंटा डाव्या हाताने भिंतीवर फेकली.

मग धाकट्याने डोकं चालवलं. एक मोठ्या बटणाचा पोपट घेतला, त्याला टीव्ही बंद करायची तेवढी एकच गोष्ट शिकवली. आतल्या खोलीत कपाटावर एक डोळा बसवला, तिथून भिंतीला भोक पाडून वायर हॉलमध्ये आणली, आणि वायरीच्या टोकाचा बारका दिवा टीव्हीच्या डोळ्यावर चिकटवून टाकला. बाबांनी पलंगावरून बटण दाबलं की हॉलमधला टीव्ही फटकन बंद. मालिका असो, बातम्या असोत, कुणाचा शेवटचा चेंडू असो. टीव्ही मालवला की जो कुणी बसला असेल त्याने उठून आत जायचं, हा घराचा नियम. बाबांना हे भयंकर आवडलं. पहिल्या आठवड्यात त्यांनी दिवसातून वीसेक वेळा टीव्ही मालवला आणि तोंडाच्या चालणाऱ्या अर्ध्या भागाने हसले. बाबा पडल्यापासून दिवसभर हॉलमधला टीव्ही चालू ठेवायचा, तो याचसाठी.

"मंगळवारी टीव्ही चालू होता का?" ताईने विचारलं.

"होता," वहिनी म्हणाली. "मी कपड्यांच्या घड्या घालत होते. टीव्ही बंद झाला नाही, ताई. झाला असता तर मी उठले नसते का?"

"मागच्या वर्षी उठली नव्हतीस."

हे येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या वर्षी एकदा टीव्ही मालवला, मालिकेची शेवटची दोन मिनिटं उरली होती, आणि वहिनीने हॉलमधल्या रिमोटने तो पुन्हा लावला. मालिका संपल्यावर आत गेली. बाबांचं अंथरूण ओलं झालेलं होतं. तिने स्वतःच ते रडत रडत दादाला सांगितलं, दादाने ताईला सांगितलं, आणि ताईने ते आजपर्यंत जपून ठेवलं होतं.

"तेव्हा केलं होतं," वहिनी म्हणाली. "या मंगळवारी नाही केलं."

"मग पोपट बोलला आणि टीव्हीने ऐकलं नाही, असं म्हणायचंय तुला? धाकट्याने सोमवारीच सगळं तपासलं होतं. काय रे?"

"तपासलं होतं," धाकटा म्हणाला. हे खरं होतं.

जुन्या टीव्हीवर पट्टे यायला लागले म्हणून सोमवारी दादाने नवा आणला. तो रात्री भिंतीवर धाकट्यानेच चढवला. नव्या टीव्हीची बोली वेगळी, म्हणून पोपटाला नवा शब्द शिकवला. हॉलमध्ये उभं राहून बटण दाबलं, टीव्ही बंद, दाबलं, चालू. मग वायरीच्या टोकाचा दिवा चिकटवला. जुन्या टीव्हीचा डोळा उजव्या कोपऱ्यात होता. अकरा वर्षं तिथेच होता. हात आपोआप उजव्या कोपऱ्याकडे गेला, तिथे एक लाल ठिपका मिणमिणत होता, आणि त्याने दिवा त्याच्यावर चिकटवून टाकला. तो ठिपका नुसताच शोभेचा होता. नव्या टीव्हीचा डोळा खालच्या कडेला, मधोमध, वीतभर लांब.

बाबा नेहमी सांगत, रिमोट काउंटरवर तपासू नकोस, गिऱ्हाईक घरी कुठे बसतं ते विचार आणि तिथून तपास. धाकटा सोमवारी पोपट घेऊन आत गेलाही होता. पण बाबांचा डोळा लागला होता. त्याने रिमोट हळूच त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला आणि पाय न वाजवता बाहेर आला. मंगळवारी सकाळपासून त्यांच्या खोलीत कुणी ना कुणी होतंच, त्यामुळे दुपारपर्यंत पोपटाची गरज पडली नाही.

ही चूक त्याला परवा कळली. परवा सकाळी तो बाबांच्या रिकाम्या पलंगावर जाऊन बसला होता. पोपट हातात घेतला आणि सवयीने, खरं तर माया दाटून आली म्हणून, बटण दाबलं. हॉलमध्ये काका बातम्या बघत होते. बातम्या चालूच राहिल्या. त्याने परत दाबलं. पोपटाचा दिवा लुकलुकत होता, कपाटावरचा डोळाही लुकलुकत होता, आणि भिंतीपलीकडे बाई हवामान सांगत होती. तेव्हा त्याने जाऊन टीव्हीखाली वाकून पाहिलं, आणि दिवा कुठे चिकटवलाय ते त्याला दिसलं. पण सर्वांत वाईट विचार नंतर आला. बाबा मेकॅनिक होते. दोन-तीनदा दाबल्यावर त्यांना नेमकं कळलं असणार. पोपट बरोबर बोलतोय, कपाटावरचा डोळाही ऐकतोय, म्हणजे पलीकडचा दिवा चुकीच्या जागी लागलाय. कुणी लावलाय, हेही.

"बघ वहिनी," ताईचा आवाज आता मऊ झाला होता, आणि तो मऊ झाला की जास्त भीती वाटे. "तुला कुणी शिक्षा करत नाहीये. पण दादाचं काय होतंय ते तू बघतेस. तू थोडे दिवस भावाकडे जा. दुकानाच्या काउंटरचं आम्ही बघू. धाकटा आहे, काका आहेत."

"काउंटर मी चौदा वर्षं बघतेय," वहिनी म्हणाली.

"म्हणूनच म्हणते, विश्रांती घे."

वहिनीने दादाकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं आहे?"

दादाने नजर खिडकीबाहेरच ठेवली. तो वाईट माणूस नव्हता. विमा कंपनीत मान खाली घालून नोकरी करता करता त्याची मान वर करायची सवयच मोडली होती, एवढंच. "मला तुझ्याकडे बघवत नाही," तो म्हणाला. "खरं सांगतो. प्रयत्न करतोय, पण नाही बघवत."

त्यावर वहिनी येऊन पाचव्या खुर्चीत बसली. आपली आपणच. पदराने तोंड पुसलं आणि जमिनीकडे बघत बोलायला लागली.

"मग असेल तसंच. झोप नव्हती झाली मला. घड्या घालता घालता डोळा लागला असेल. टीव्ही बंद झाला असेल आणि मी झोपेत लावला असेल परत. मागच्या वर्षी लावलाच होता ना. हाताला सवय असते. पाच दिवस मी आठवतेय, आणि आता मला काय खरंच झालं आणि काय मी नुसतं आठवतेय तेच कळत नाही. तुम्ही सगळे म्हणताय तर मीच केलं असेल."

खोली हलकी झाली. धाकट्याला ते अगदी स्पष्ट जाणवलं. काकांनी सुस्कारा सोडला, ताईने डोळे टिपले, दादाने मान वळवून पहिल्यांदा बायकोकडे पाहिलं. आता सगळं मार्गी लागणार होतं. वहिनी महिनाभर जाईल, मग कुणीतरी तिला आणायला जाईल, सगळे तिला माफ करतील आणि जन्मभर करत राहतील. त्याने फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते त्याला दोन दिवस चांगलं जमलं होतं.

आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. वहिनी या घरात आली ती त्यानंतर वर्षाने. गृहपाठ तिने घेतला, ताप तिने काढला, दहावीला नापास झाल्यावर बाबांसमोर ती उभी राहिली. ती आता त्याच्यासमोर बसून त्याचं पाप स्वतःच्या नावावर घेत होती, आणि तिला ते माहीतही नव्हतं.

तो उठला. हॉलमधल्या रिमोटने टीव्ही लावला. कसलातरी खेळाचा कार्यक्रम सुरू झाला, टाळ्या वाजायला लागल्या.

"अरे, हे काय? आत्ता?" ताई म्हणाली.

"बघत राहा," तो म्हणाला आणि आत गेला.

पलंगावर बसून त्याने पोपटाचं बटण दाबलं. एकदा. पाचदा. दहादा. हॉलमधल्या टाळ्या थांबल्या नाहीत. तो बाहेर आला, टीव्हीखाली वाकला, कोपऱ्यातला दिवा नखाने उचकटला आणि वीतभर सरकवून मध्ये चिकटवला. परत आत गेला. बटण दाबलं.

टाळ्या फटकन थांबल्या.

तो बाहेर आला तेव्हा चारही माणसं काळ्या टीव्हीकडे बघत होती. "मी चुकीच्या जागी चिकटवला होता," तो म्हणाला. "सोमवारी. आतून तपासलं नाही, बाबा झोपले होते म्हणून. टीव्ही बंद झालाच नाही. होऊच शकत नव्हता. वहिनीचा काही संबंध नाही."

सगळ्यांत आधी काका सावरले. "म्हणजे वायरीचा घोळ!"

"हो."

"अरे मग असं होतंच की! माझ्या ट्रकचा ब्रेक एकदा..." आणि काकांनी ट्रकच्या ब्रेकची गोष्ट सुरू केली, मग आपली आपणच सोडून दिली.

ताई उठून त्याच्याजवळ आली. तो चांगला चोवीस वर्षांचा होता, तरी तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "वेडा आहेस का तू? मुद्दाम केलंस का? माणसाच्या हातून होतं. आणि डॉक्टर तरी काय, वाचलेच असते असं थोडंच छातीठोकपणे सांगू शकतात? बाबांचं वय झालं होतं. खंगलेच होते ते."

धाकट्याला तिचा हात झटकून टाकावासा वाटला. दादाचे डोळे भरून आले होते. तो बायकोजवळ येऊन उभा राहिला, पण हात कुठे ठेवावा ते त्याला सुचेना. "चला," तो म्हणाला, "सुटलीस तू. संपलं सगळं. आता चहा टाक सगळ्यांना."

वहिनी धाकट्याकडे बघत होती. "तुला कधी कळलं?"

"परवा."

"परवा कधी?"

"सकाळी."

"परवा दुपारी मी जिन्यात तुला थांबवलं होतं. म्हटलं होतं, खरं सांग, मला झोप लागली असेल का? तू म्हणालास, असलं काही मनात आणू नकोस."

"हो."

"तेव्हा तुला माहीत होतं."

"हो, वहिनी."

"अगं, घाबरला असेल तो," ताई म्हणाली. "पोरच आहे."

वहिनी ताईकडे वळली. तिचा आवाज चढला नाही. "मघाशी मी होते तेव्हा दहा मिनिटांचा प्रश्न होता, ताई. आता बाबांचं वय झालं होतं. मघाशी माणूस गेला होता. आता वायरीचा घोळ झाला."

ताईने जवळची खुर्ची उचलली आणि भिंतीशी नेऊन ठेवली.

वहिनी आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. ती बॅग घेऊन बाहेर आली तेव्हा दादा दारात आडवा उभा राहिला.

"अगं, पण आता जायचं कारण काय? आता कुणी काही म्हणतंय का तुला?"

"नाही म्हणत," वहिनी म्हणाली. "तुम्हाला माझ्याकडे बघवत नव्हतं. पाच दिवस. आता बघवतंय, कारण वायर सरकली. मला थोडे दिवस भावाकडे जाऊ द्या. काउंटरची किल्ली खिळ्याला आहे. बाजूला सरका."

दादा सरकला. धाकट्याने पुढे होऊन बॅग घेतली, तिने ती दिली, आणि दोघं जिना उतरले. दुकानाच्या शटरवर "घरात दुःखद घटना घडल्यामुळे बंद" असा कागद लावला होता. अक्षर वहिनीचंच होतं. त्याच्यापुढून जाताना ती थांबली नाही.

बसथांब्यावर बाक होता, पण ती बसली नाही. रविवार असल्यामुळे रस्ता रिकामा होता. समोरच्या इमारतीत कुणीतरी गालिचा झटकत होतं.

"वहिनी, मला बोल ना काहीतरी," तो शेवटी म्हणाला. "शिव्या दे. मार."

"कशाबद्दल? दिव्याबद्दल?"

"बाबांना कळलं असेल," तो म्हणाला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला रडू फुटलं. "ते तिथे पडल्या पडल्या... त्यांना कळलं असेल मी कुठे चिकटवलाय ते."

वहिनीने त्याला रडू दिलं. मग सवयीने हात पुढे केला, त्याची कॉलर सारखी केली आणि हात मागे घेतला.

"कळलं असेल तर त्यांनी तुला माफही करून टाकलं असेल," ती म्हणाली. "ते तुझ्यावर कधी रागावू शकले नाहीत. मीही ती चूक विसरेन. खरंच विसरेन, मला माहितीये, तू किती मन लावून करायचास त्यांचं. पण ते दोन दिवस नाही विसरणार मी. दोन दिवस मला वाटत होतं की मी त्यांना मारलं. आणि तू ते मला वाटू दिलंस. जेवताना समोर बसत होतास."

"मला भीती वाटली."

"कुणाची? ताईची?"

"तुझी," तो म्हणाला. "तू परत माझ्याशी बोलणार नाहीस, याची."

बस आली. ती चढली, मग वळून तिने बॅगेसाठी हात खाली केला, आणि त्याने बॅग वर दिली. तिला खिडकीची जागा मिळाली होती, पण ती पलीकडच्या बाजूची होती. त्यामुळे तिने वळून बघितलं की नाही, हे त्याला समजलं नाही.

तो घरी आला तेव्हा खुर्च्या पुन्हा भिंतीशी लागल्या होत्या. ताईने चहा केला होता आणि तो कुणालाच आवडला नव्हता. दादा जिन्याच्या तोंडाशीच उभा होता.

"कधी येते म्हणाली?"

"काही म्हणाली नाही," धाकटा म्हणाला.

"तू विचारलंस ना?"

"नाही विचारलं, दादा. धीर झाला नाही."